उकिरडा, चुना आणि सातबारा

राजाच्या शिलालेखापेक्षा उकिरडा जास्त खरं बोलतो. शिलालेख राजा कोरून घेतो. उकिरडा कुणी सांगून करून घेत नाही. माणसं काय खात होती, कशात शिजवत होती, ते तिथं आपोआप साठतं. मी अशाच एका उकिरड्यापासून सुरुवात करतो. तो लांबचा आहे, अमेरिकेतला आहे. पण मित्रहो, शेवटपर्यंत या. गोष्ट आपल्या वाटेवरनंच जाते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जॉर्जिया नावाचं राज्य आहे. त्याच्या समोर समुद्रात वाळूच्या बेटांची रांग आहे. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये ही बेटं बांधासारखी आडवी पडलीत. वादळाचा पहिला तडाखा ती खातात, आणि त्यांच्या पाठीमागच्या खाजणात गवत, मासळी, कालवं सुखानं वाढतात. भूगोलवाले त्यांना रोधक बेटं म्हणतात. त्यातलंच एक सॅपेलो. खाजण धरून सुमारे साडेसोळा हजार एकर. तिथं जायला आजही पूल नाही, बोटीनंच जावं लागतं.

या बेटावर शिंपल्यांची तीन मोठी कडी आहेत. गोल बांगडीसारखी. सगळ्यात मोठं कडं सुमारे नव्वद मीटर रुंद आणि आजही तीनेक मीटर उंच. ती चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे आपल्याकडं सिंधूकाठची नगरं नांदत होती, त्याच सुमाराची. तिथल्या माणसांनी कालवं खाल्ली, शिंपले टाकले, त्या ढिगाऱ्यावरच संसार केले आणि मधली जागा मोकळी ठेवली. मातीत झाडाचे तंतू मळून ते मडकी भाजत. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या मडक्यांत त्यांची गणना होते. ना राजा, ना किल्ला, ना शेती. तरी गाव वसलं, टिकलं. ‘रानटी’ हा शब्द ज्यांच्या तोंडात बसलाय त्यांनी हे कडं एकदा मोजावं.

पुढं स्पॅनिश आले. या किनाऱ्यावर ग्वाले नावाचे मूळ रहिवासी होते. त्यांच्यात पाद्री घुसले. १५९७ मध्ये ग्वालेंनी बंड केलं, पाद्री मारले, आणि स्पॅनिशांनी त्यांची गावं आणि धान्य जाळलं. सतराव्या शतकात सॅपेलोवर सान होसे नावाचं मिशन उभं राहिलं आणि त्याच शतकात उठलंही. रोगराई, गुलाम पकडणाऱ्यांचे हल्ले, पळापळ. ग्वाले त्या बेटावरून संपले. बेटाला नाव मात्र राहिलं.

मग इंग्रज. १७३३ मध्ये त्यांनी जॉर्जियाची वसाहत काढली आणि गंमत बघा, १७३५ मध्ये तिथं गुलाम ठेवायला कायद्यानं बंदी केली. जमीनवाल्यांनी बोंब मारली की गुलामांशिवाय शेती परवडत नाही. १७५१ मध्ये बंदी उठली. कायदा कुणाच्या पोटासाठी वाकतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१८०२ मध्ये थॉमस स्पॉल्डिंग या जमीनदारानं सॅपेलोचं दक्षिण टोक विकत घेतलं. पुढं जवळजवळ अख्खं बेट त्याचं झालं. कापूस, ऊस, साखरेचा कारखाना. राबायला शेकडो आफ्रिकन गुलाम. इतिहासाच्या पुस्तकांत स्पॉल्डिंगचं कौतुक येतं की त्यानं ‘टॅबी’ बांधकाम पुन्हा चालू केलं. टॅबी म्हंजे काय? शिंपले भाजून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आणखी शिंपले घालायचे आणि साच्यात ठोकून भिंत उभी करायची. कोकणातल्या माणसाला शिंपल्याचा चुना नवा नाही. या किनाऱ्यावर टॅबीसाठी शिंपले यायचे ते बरेचदा मूळ रहिवाशांच्या जुन्या ढिगाऱ्यांतून. म्हणजे एकाचा इतिहास खणला, दुसऱ्याच्या हातांनी भाजला, आणि वाडा झाला तिसऱ्याचा. पाटीवर नाव त्या तिसऱ्याचं.

संशोधकांची फावडीही कितीतरी वर्षं वाड्याभोवतीच फिरत होती. १९६८ मध्ये चार्ल्स फेअरबँक्स या संशोधकानं फ्लोरिडातल्या अशाच एका बेटावर, किंग्सली मळ्यात, गुलामांच्या खोपटांत खणायला घेतलं. पुढच्या वर्षी जॉर्जियातल्या कंबरलँड बेटावर तेच काम झालं. तिथं काय निघालं? माशांची, रानातल्या प्राण्यांची हाडं, शिकारीच्या खुणा. मालक म्हणत, आम्ही यांना पोसतो. उकिरडा म्हणाला, दिवसभर राबून हे लोक रात्री आपलं पोट आपणच भरत होते.

आता सॅपेलोवरच्या एका माणसाचं नाव घेतो. बिलाली महंमद. पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या गिनी देशातल्या फुटा जालों भागातून त्याला पकडलं, बहामा बेटांवर विकलं आणि तिथनं स्पॉल्डिंगनं घेतलं. मळ्यावर तो मुकादम झाला. मुकादम म्हंजे मालकाचा हात, तेही विसरायचं नाही. पण या मुकादमानं मरताना एक वही मागं ठेवली. तेरा पानं, अरबी लिपीत. गोऱ्यांना वाटलं ही रोजनिशी असेल, नाहीतर मळ्याचा हिशोब असेल. वही सरकारी ग्रंथालयात पडून राहिली. शेवटी जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञानं ती आफ्रिकेत नेऊन तिथल्या मौलवींना दाखवली आणि १९४० मध्ये लेख छापला. तो हिशोब नव्हताच. इस्लामी कायद्याचा मजकूर होता, दहाव्या शतकातल्या एका ग्रंथावर आधारलेला. पोरपणी शिकलेलं त्यानं गुलामीत उतरवून ठेवलं होतं.

ही वही कुठल्या मुलखात लिहिली गेली ते बघा. १८२९ मध्ये जॉर्जियानं कायदा केला की काळ्या माणसाला लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा. शिक्षा दंडाची, फटक्यांची. ज्यांच्या पूर्वजांच्या कानात शिसं ओतायचे नियम लिहिले गेले, त्यांना मी याचा अर्थ काय समजावणार? बिलालीच्या पोरीबाळींनीही काही राखलं. त्याची लेक मार्गारेट तांदळाच्या चपट्या वड्या थापून मुलांना वाटायची आणि म्हणायची ‘सराका’. आपल्याकडं मुसलमान ज्याला सदका म्हणतात, तोच शब्द. तिच्या नातीनं तो १९४० च्या आधी सांगितला म्हणून नोंदला गेला.

जानेवारी १८६५. यादवी युद्ध संपत आलेलं. जनरल शर्मननं हुकूम काढला: ही बेटं आणि किनारपट्टी सुटलेल्या गुलामांना, कुटुंबाला चाळीस एकरापर्यंत. लोकांनी नांगर धरला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं हुकूम फिरवला. जमीन पुन्हा जुन्या मालकांची. स्वातंत्र्य दिलं, पण जमीन काढून घेतली.

तरी १८७१ मध्ये तीन सुटलेल्या गुलामांनी कंपनी काढून सॅपेलोवर रॅकून ब्लफ इथं एक हजार एकर जमीन विकत घेतली. त्यातल्या एकाचं नाव बिलाली बेल. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलाम सोडवणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. सुटलेली माणसं स्वतःच्या पायावर काय करत होती, ते पुण्यापर्यंत कुठून पोचणार? आपण ते आता जोडून घ्यायचं.

१९१२ मध्ये बेटाचा मोठा भाग एका मोटारवाल्यानं घेतला, १९३४ मध्ये सिगारेटच्या धंद्यातल्या रेनॉल्ड्सनं. १९५० नंतर रेनॉल्ड्सनं काळ्यांच्या विखुरलेल्या वस्त्या उठवून सगळ्यांना हॉग हमॉक या एकाच वस्तीत आणलं. जमिनीच्या बदल्यात जमीन, असा सौदा. पण बेटावर नोकरी देणारा तोच, बोट त्याची. अशा सौद्यात ‘नाही’ कोण म्हणणार? रॅकून ब्लफ ओस पडलं. १९६४ मध्ये तो मेला. नंतर बेटाचा बहुतेक भाग सरकारनं घेतला. गला-गीची लोकांकडं उरले चारशेहून थोडे जास्त एकर.

त्यावरही डोळा आहेच. बाहेरचे पैसेवाले प्लॉट घेतात, घरं बांधतात, कर वाढतो, म्हातारी माणसं विकून जातात. २०२३ मध्ये काउंटीनं घराच्या आकाराची मर्यादा चौदाशे चौरस फुटांवरून तीन हजारांवर नेली. लोक गप बसले नाहीत. सह्या गोळा केल्या, मतदान मागितलं, कोर्टात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असं मतदान घ्यायचा त्यांना अधिकार आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्यांच्या संस्कृतीच्या उत्सवाच्याच दिवशी, बेटावरच्या धक्क्याची सरकारी मार्गिका कोसळून सात माणसं मेली होती.

म्हणून मी म्हणतो, इतिहास ही नुसती अभिमानाची गोष्ट नाही. तो राहायच्या जागेचा पुरावा आहे. ज्यांचा कागद गेला त्यांची जमीन गेली, आणि जमीन गेली की तिथं कोण राहत होतं हे सांगणाराही जातो. सॅपेलोच्या लोकांना आजी-आज्याच्या आठवणी, चर्चच्या नोंदी, खरेदीखतं कामाला आली. ती आधी कुणीतरी जपली होती.

दोस्तहो, आपल्या गावात वतनाची जमीन कुठली होती, ती कधी, कुणाच्या नावावर, किती रुपयांत गेली? तलाठ्याकडून जुने फेरफार काढा. म्हातारीला विचारा आणि खिशातल्या मोबाईलमध्ये तिचा आवाज भरून ठेवा. विहीर कुणी खणली, गावकुसाचा दगड कुणी वाहिला, नावानिशी लिहा. पेटीतला कुजका कागद फेकू नका. वाचता आला नाही तर जपून ठेवा. बिलालीची वहीही वाचणारा येईपर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं लागली.