मोहल्ला समिती
मोहल्ला समिती : निरनिराळ्या धर्मांच्या रहिवाशांना वस्तीच्या पातळीवर पोलिसांसह नियमितपणे एकत्र आणून दंगल उद्भवण्यापूर्वीच तंटा मिटवणारी अनौपचारिक नागरी यंत्रणा. यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत (जि. ठाणे) 1970 व 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या, त्यांपैकी 1970 ची दंगल शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भडकली होती. 1988 मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी पुढारी व प्रतिष्ठितांपुरत्या मर्यादित असलेल्या प्रचलित शांतता समित्यांऐवजी मोहल्ल्यातील सामान्य हिंदू-मुस्लिमांच्या समित्या उभारल्या. नळाचे पाणी, भाडेकरूंचे वाद, मिरवणुकीचा मार्ग असे साधे विषय बैठकीत येत आणि त्यातूनच शेजाऱ्यांची व पोलिसांची ओळख वाढे. योजनेचे खरे बळ या किरकोळ वाटणाऱ्या कामांतच होते. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई दंगलींनी पेटली असता भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशीच चळवळ सुरू झाली. पोलीस व वस्तीतील तरुण यांचे क्रिकेट सामने हा तिचा लोकप्रिय उपक्रम ठरला. मात्र अधिकाऱ्यांच्या बदल्यांनंतर सातत्य टिकवणे अवघड जाते. जुलै 2006 मध्ये तर खुद्द भिवंडीतच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार होऊन दोन पोलीस मारले गेले.