इग्निशन टायमिंग

इग्निशन टायमिंग म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडावी याची निश्चिती. ही वेळ क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. दट्ट्या सिलिंडरच्या सर्वांत वरच्या स्थानी, म्हणजे ऊर्ध्व मृतबिंदूवर, पोहोचण्याआधी ठिणगी पडल्यास तिला 'आगाऊ' ठिणगी म्हणतात. संगणकनियंत्रित इंजिनांत ही वेळ इंजिन नियंत्रण एकक (ईसीयू) ठरवते.

तत्त्व

इंधन व हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरण्यास काही मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, तर ३,००० फेऱ्यांना तो १८ अंश फिरतो. त्यामुळे वेग वाढतो तशी ठिणगी साधारणतः अधिक आगाऊ द्यावी लागते. याउलट इंजिनावरील भार वाढला की मिश्रण दाट होऊन लवकर जळते. अशा वेळी आगाऊपणा कमी करावा लागतो.

ठिणगी फार लवकर पडल्यास दाब अवेळी वाढून इंजिनात ठोके पडू शकतात. हे ठोके दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्या वितळणे किंवा हेड गॅस्केट फुटणे असे गंभीर नुकसान होते. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते, इंधन अधिक लागते आणि उष्ण निकासवायूंमुळे उत्प्रेरक परिवर्तक खराब होऊ शकतो.

संगणकीय नियंत्रण

जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटरमधील केंद्रोत्सारी वजने व निर्वात पडदा यांच्या साहाय्याने ठिणगीची वेळ बदलत असे. बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीने १९७९ मध्ये इंधन-अंतःक्षेपण व प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच एककात आणले. आधुनिक ईसीयू वेग, भार, शीतकाचे तापमान इत्यादी माहितीवरून स्मृतीतील तक्त्यात योग्य कोन शोधतो. क्रँकशाफ्टची स्थिती दातेरी चाकाजवळील संवेदक सांगतो. अनेक इंजिनांत या चाकावर ६० पैकी २ दात गाळलेले असतात. प्रत्येक दात ६ अंशांचा असून रिकाम्या जागेवरून संदर्भबिंदू कळतो. ठोक्यांचा आवाज नॉक संवेदक टिपतो व ईसीयू ठिणगी काही अंश मागे घेतो.

तपासणी

टायमिंग लाइटच्या प्रकाशात पुलीवरील खूण पाहून प्रत्यक्ष कोन मोजला जातो. मात्र आयडलिंग स्थिर राखण्यासाठी ईसीयू ठिणगीची वेळ सतत बदलत असल्याने खूण हलताना दिसते. हा दोष नव्हे. म्हणून मोजणीपूर्वी वेळ स्थिर करावी लागते. उदाहरणार्थ, टोयोटाच्या ४ए-एफई इंजिनात निदान-जोडणीतील टीई१ व ई१ ही टोके जोडतात आणि आयडलिंगला ऊर्ध्व मृतबिंदूपूर्वी १० अंश हा कोन अपेक्षित असतो. फरक आढळल्यास डिस्ट्रिब्युटर फिरवून तो जुळवतात. डिस्ट्रिब्युटर नसलेल्या बहुतेक इंजिनांत अशी जुळवणी करता येत नाही. तेथे चूक आढळल्यास तिचे कारण शोधावे लागते.

स्वतंत्र ईसीयू बसवलेल्या इंजिनात आज्ञावलीतून कोन १० अंशांवर स्थिर करून तो टायमिंग लाइटशी ताडून पाहतात. दोहोंतील फरक संदर्भकोनाच्या नोंदीत दुरुस्त केला जातो. त्यानंतर हीच तपासणी जास्त वेगालाही करणे आवश्यक असते. वेगानुसार खूण सरकत असल्यास संवेदकाच्या तारा उलट जोडल्या गेल्याची किंवा संकेताला विलंब होत असल्याची शक्यता असते. ०.०५ मिलिसेकंदाचा विलंबदेखील ६,००० फेऱ्यांना १.८ अंशांची चूक घडवतो. प्रत्येक फेरीत एक ठिणगी देणाऱ्या प्रणालीत काही टायमिंग लाइट दुप्पट कोन दाखवतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दोषशोधन

प्रथम दोषसंकेत वाचले जातात. पी०३३५ हा संकेत क्रँकशाफ्ट संवेदकाच्या मंडलातील, पी०३४० कॅमशाफ्ट संवेदकाच्या व पी०३२५ नॉक संवेदकाच्या मंडलातील बिघाड दर्शवतो. पी००१६ हा क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या स्थितीत मेळ नसल्याचा संकेत असून टायमिंग बेल्ट किंवा साखळी दात सोडून सरकल्यास तो मिळू शकतो. क्रँकशाफ्टच्या दंतचक्राला २० दात असल्यास एका दाताच्या चुकीने झडपांची वेळ १८ अंशांनी बदलते. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरत असल्यास ठिणगीही तेवढीच सरकते. ठिणगीची वेळ थेट क्रँकशाफ्टवरील संवेदकावरून ठरत असल्यास ती बरोबरच राहते. त्यामुळे टायमिंग लाइटने योग्य कोन दाखवला तरी झडपांची वेळ बरोबर आहे असे सिद्ध होत नाही.

संकेत नसतानाही ठिणगी उशिरा पडत असल्यास कमी ऑक्टेनचे इंधन, ज्वलनकक्षातील कार्बनचा थर आणि नॉक संवेदकाचा सैल बोल्ट या गोष्टी तपासल्या जातात. पुलीतील रबर निसटून तिचे बाह्यकडे सरकल्यास खूणच चुकीची ठरते. अशा वेळी पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या प्रत्यक्ष ऊर्ध्व मृतबिंदूवर आणून खुणेची खातरजमा केल्याशिवाय कोणतीही जुळवणी करू नये.