झटका मशीनची कुळकथा

वर्धा जिल्ह्यात कारंजा, आष्टी, सेलूकडच्या कृषी केंद्रांत बियाण्यांच्या पिशव्यांशेजारी एक चौकोनी डबा विकायला असतो. सरकारी कागदावर त्याचं नाव 'सौर ऊर्जा कुंपण'. दुकानात मागायचं ते झटका मशीन. डबा, बारा व्होल्टची बॅटरी, सौर पॅनल, जमिनीत गाडायचा अर्थिंगचा रॉड आणि वावराच्या धुऱ्याने फिरवायची तार, एवढाच संसार. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर तारेला लागलं की झटका बसतो, मरण येत नाही. डबा नवा दिसतो, पण त्याचं कूळ लांबचं आहे. त्याची एक शाखा इथल्याच मातीतली, दुसरी न्यूझीलंडच्या गोठ्यातली, आणि आफ्रिकेत त्याचे काही बडे भाऊबंद आहेत.

मातीतली शाखा आधी. तारेच्या जागी तेव्हा माणूस होता, जागलीला जाणारा. ज्वारी हुरड्यात आली की वावरात चार खांबांवर माळा उभा राही, आणि खळं होईस्तोवर घरातला एक जण रात्री तिथेच असे. हत्यारं साधी होती: गोफण, टिनाचा डबा, शेकोटी आणि आरोळी. धुऱ्याला बोराटी-बाभळीच्या काट्यांचा कूप असे. जागल जड होती, पण तिला शेवट होता. ज्वारी घरात आली की माणूसही घरी येई.

तो शेवट नाहीसा झाला, आणि या कथेत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली. ज्वारी आणि भुईमूग आपण सोडले ते डुकरांपायीच, असं सांगणारे शेतकरी गावोगाव भेटतात. बोर आणि निम्न वर्धासारख्या धरणांमुळे हिवाळ्यात हरभरा-गहू आला, कारंजा-आष्टीकडे संत्र्याच्या बागा वाढल्या. पावसाळ्यात सोयाबीन, पुढे तूर, मग हरभरा, म्हणजे रोह्याला जुलैपासून मार्चपर्यंत ताट वाढलेलंच. नर रोही दोनशे किलोच्या घरात जातो, मादीला बरेचदा जुळी होतात. तो खातो त्याहून जास्त तुडवतो, आणि डुक्कर जास्त उकरतं. हिरवं शिवार नऊ महिने टिकू लागल्यावर जागलही नऊ महिन्यांची झाली. ती करायला माणूस कुठून आणायचा?

मधल्या काळात बंदूकही होती. शस्त्र परवान्यांत पीक संरक्षणाचा परवाना असा वेगळा प्रकारच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवाना घरात राहिला, पण बार काढायला वनखात्याची वेगळी परवानगी लागू लागली. कायद्यात उभ्या पिकाचं नुकसान हे परवानगीचं कारण मान्य आहे. अर्ज, पंचनामा आणि आदेश होईपर्यंत पीक मात्र उभं राहत नाही. इथे एक आडवळण घेतो. वर्ध्याचा विषय निघाला की अहिंसा आलीच, आणि शेतकऱ्याने सगळं सोसावं असं गांधीजींचं म्हणणं असणार, हे गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात १९४६ मध्ये 'हरिजन'मध्ये माकडांच्या उपद्रवावर लिहिताना त्यांनी पीक वाचवायला मारणं भाग असेल तर ते मान्य केलं होतं, आणि आपली अहिंसा या बाबतीत इतरांपेक्षा वेगळी आहे हेही सांगितलं होतं. सेवाग्रामला येणाऱ्या पाहुण्यांना हे क्वचितच ठाऊक असतं.

बंदूक गेली, माणूस थकला, तेव्हा धुऱ्यावर जुन्या लुगड्या-साड्या आल्या. रात्री वाऱ्यावर हलणारं कापड डुकराला काही दिवस भिववतं, मग त्याची सवय होते. फटाके, बुजगावणं, टेपवर वाघाची डरकाळी यांचंही तेच झालं. ज्याने इजा होत नाही त्याला जनावर फार दिवस भीत नाही.

आता दुसरी शाखा. १९३० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ बिल गॅलॅगर नावाचा शेतकरी होता. त्याचा जो नावाचा घोडा दारातल्या मोटारीला अंग घासायचा. गॅलॅगरने मोटारीला अशी वीजजोडणी केली की गाडी हलली की घोड्याला झटका बसावा. घोड्याने मोटार सोडली आणि गॅलॅगरच्या डोक्यात कुंपण आलं. सुरुवातीच्या यंत्रांची खोड अशी की तारेला गवत लागलं की सगळा करंट जमिनीत जायचा. हॅमिल्टनच्याच रुआकुरा संशोधन केंद्रात डग फिलिप्स यांनी १९६२ मध्ये गवताने सहजी न दबणारं यंत्र बनवलं, आणि मैलोन् मैल तार एका डब्यावर चालू लागली. हेतू मात्र साधा होता: आपली गाय-मेंढी आपल्याच कुरणात राहावी. आपण तोच डबा उलटा वापरतो, पाळीव आत ठेवायला नव्हे, रानटी बाहेर ठेवायला.

रानटी जनावरांसमोर कुंपणाची खरी परीक्षा झाली ती आफ्रिकेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडोची गोष्ट कारंजाच्या बागायतदाराला ओळखीची वाटेल, कारण तिथेही संत्र्यांच्या बागा होत्या आणि त्यांत हत्ती शिरत. १९१९ मध्ये सरकारने मेजर प्रिटोरियस या शिकाऱ्याला बोलावलं. त्याने शंभरहून अधिक हत्ती मारले. १९३१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ११ हत्ती उरले होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून उद्यानातच त्यांना संत्री घालायला सुरुवात झाली. परिणाम व्हायचा तोच झाला: हत्ती त्या जागेभोवतीच घोटाळू लागले आणि संत्र्यांवरून आपसांत भांडू लागले. आजही त्या उद्यानात संत्रं नेण्यास बंदी आहे. विजेच्या तारेचेही प्रयोग झाले, पण हत्तींनी ते मोडून काढले. शेवटी १९५४ मध्ये ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग या अधिकाऱ्याने ट्रामचे रूळ खांब म्हणून रोवले, त्यांत लिफ्टचे दोर ओवले आणि सुमारे बावीस-तेवीस चौरस किलोमीटर जागा वेढली. आत तेव्हा बावीस हत्ती होते. कुंपण टिकलं. हत्ती वाढत गेले, सहाशेच्या पुढे गेले, आणि उद्यानाला जमीन विकत घेत पसरावं लागलं.

दक्षिण आफ्रिकेतल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचा धडा याहून कडू. तिथे कुंपण घातलं, कोरड्या भागांत विंधनविहिरी खोदून पाणवठे केले, आणि वाढलेले हत्ती १९६७ ते १९९४ या काळात चौदा हजारांहून अधिक संख्येने मारले, कारण सात हजारांच्या आसपासच ठेवायचे असं ठरलं होतं. विरोध वाढला, मारणं थांबलं. मग जाणकारांनी पाणवठ्यांकडे बोट दाखवलं: पाणी सगळीकडे केलंत, म्हणून जनावर सगळीकडे बारमाही टिकलं. बरेच पाणवठे बंद केले गेले, मोझांबिकच्या सीमेवरचं कुंपण काही ठिकाणी उतरवलं. संख्या आवरायची तर जनावराआधी पाणी, चारा आणि वाट यांचा विचार करावा लागतो, हे कळायला तिथे तीस वर्षं आणि हजारो हत्ती लागले.

आता परत झटका मशीनकडे. तो डबा वर्ध्याच्या काळ्या मातीत कसा वागतो ते पाहण्यासारखं आहे. तारेत साधारण सेकंदाला एकदा पाच ते दहा हजार व्होल्टचा ठोका जातो, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. जनावराच्या अंगातून तो पायावाटे जमिनीत उतरतो आणि अर्थिंगच्या रॉडमधून यंत्रात परत येतो, तेव्हाच झटका पूर्ण होतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडली की हा परतीचा रस्ता तुटतो. म्हणून जाणता शेतकरी रॉडच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतो आणि वर पाणी ओततो. पावसाळ्यात उलट त्रास: तारेखालचं तण वाढून तिला लागतं आणि ठोका मंदावतो. डुकरासाठी खालची तार वीत-दीड वीत उंचीवर हवी, म्हणजे त्याचं ओलं नाक आधी लागतं. रोह्यासाठी वर आणखी तीन-चार पदर हवेत, आणि तो मागून हाकलत आणलेला असेल तर तेही ओलांडून उडी मारतो. झटका खाल्लेलं जनावर तार लक्षात ठेवतं. मशीनची सगळी ताकद त्या आठवणीत आहे.

या कुळाला एक बाधाही आहे. मशीन घ्यायला पैसे नसले की कोणी विजेच्या तारेवर आकडा टाकतो आणि तीच लाइन उघड्या तारेने धुऱ्यावर सोडतो. इथे ठोका नसतो, अखंड प्रवाह असतो. स्नायू आखडतात आणि सुटत नाहीत. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरीकडून पकडून आणलेली एक वाघीण कॉलर लावून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली होती. ती बोरमध्ये थांबली नाही. पाचशेहून अधिक किलोमीटर भटकली, माणसांवर हल्ले झाले, गोळी घालण्याचे आदेश निघाले, ते कोर्टात गेले. १४ ऑक्टोबरला कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात डुकरांसाठी सोडलेल्या अशाच तारेला लागून ती मेली. कोर्टकचेरीने सुटला नव्हता तो प्रश्न एका आकड्याने संपवला. अशा तारेला लागून माणसंही मरतात, बहुधा ती सोडणाऱ्याच्याच घरची किंवा शेजारची.

म्हणून सरकारने खरं मशीन स्वस्त केलं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना त्यासाठी ७५ टक्के अनुदान आहे, कमाल १५ हजार रुपये. हे चांगलंच झालं. पण एकट्याच्या वावराला तार लागली की कळप शेजाऱ्याच्या वावरात वळतो, आणि शेजारी बहुधा तो असतो ज्याला उरलेले २५ टक्केही जमत नाहीत. गावाने मिळून शिवार वेढलं तर कळप पुढच्या गावाला जातो. मारण्याचा मार्गही राज्याने थोडा उघडून पाहिला. २०१६ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात परवानगीने रानडुकरं मारली गेली, त्यावरून मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. मूळ प्रश्न, जिल्ह्यात किती रोही पोसले जाऊ शकतात आणि ते राहावेत कुठे, त्या भांडणात कोणी विचारलाच नाही.

राहायला त्यांना बोर पुरत नाही. १९७० मध्ये अभयारण्य झालं तेव्हा बोर ६१ चौरस किलोमीटरचं होतं. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तरी ते सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांत मोडणारं. शिवाय रोह्याला दाट जंगल आवडतही नाही. त्याचं खरं घर म्हणजे गावाबाहेरचं झुडपी जंगल, महसूल खात्याच्या नोंदीत तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत असं सुमारे ८६ हजार हेक्टर आहे, आणि ते वनच मानावं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. तोवर त्यावर शाळा उभ्या राहिल्या, घरं झाली, अतिक्रमणं झाली, आणि कळप धुऱ्यापर्यंत सरकत आला.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री बोरमध्ये पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर निसर्गप्रेमी पैसे भरून जागतात आणि पाण्यावर आलेल्या प्राण्यांची नोंद करतात. त्याच रात्री झुडपी जंगलातून बाहेर पडलेला रोह्याचा कळप आष्टीच्या एखाद्या संत्राबागेत असतो, आणि तो कुठल्याच नोंदीत येत नाही.