धर्मापुरी : एका दिवसाची मार्गदर्शित शिल्पयात्रा

जहाज बंदरात काही तासच थांबते. तेवढ्या वेळात प्रवाशांनी किनाऱ्यावर उतरायचे, मार्गदर्शकासह आसपासचा मुलूख पाहायचा आणि जहाज सुटण्यापूर्वी परतायचे, अशी 'किनारा सहल' सागरी पर्यटनात रूढ आहे. स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन बंदरात उतरलेले प्रवासी खासगी मोटारीने लॉख नेस सरोवर आणि १७४६ च्या लढाईचे कलोडन हे रणमैदान पाहून संध्याकाळी जहाजावर परत येतात. या सहलीचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असते : मोजका वेळ, जाणकार सोबती आणि परतीची खात्री.

महाराष्ट्रात समुद्रापासून दूर असलेल्या भागातही हीच पद्धत वापरली गेली आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'डेक्कन ओडिसी' या आलिशान रेल्वेगाडीचे प्रवासी स्थानकावर उतरून मार्गदर्शकासह वेरूळ-अजिंठ्यासारखी स्थळे पाहतात आणि पुन्हा गाडीत येतात. करोनाकाळातील खंडानंतर ही गाडी २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. साध्या गाडीने परळीला येणाऱ्या भाविकालाही अशी सहल करता येते. त्यासाठी बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे अतिशय योग्य ठिकाण आहे.

परळी हेच बंदर

परळी वैजनाथ हे रेल्वेस्थानक परभणी आणि विकाराबाद या दोन्ही दिशांना जोडलेले आहे. अहिल्यानगर-बीड मार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे सुरू झाली असून हाच मार्ग पुढे परळीपर्यंत नियोजित आहे. सकाळी वैजनाथाचे दर्शन घेतल्यावर भाविकाच्या हाती बहुधा उरलेला दिवस असतो. अहिल्याबाई होळकर यांनी जीर्णोद्धार केलेले हे मंदिर पाहून भाडोत्री मोटारीने परळी तालुक्यातीलच धर्मापुरीला जाता येते. वाटेत ज्वारी, कापूस आणि सोयाबीनची शिवारे लागतात. रेल्वेनेच जवळ जायचे असल्यास परळी-लातूर रोड मार्गावरील घाटनांदूर स्थानक सोयीचे आहे.

केदारेश्वराच्या भिंती

धर्मापुरीचे मुख्य आकर्षण म्हणजे केदारेश्वर मंदिर. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील शैलीत ते उभारलेले आहे. या राजघराण्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सहावा विक्रमादित्य (१०७६-११२६) हा त्यांचा सर्वांत नामवंत राजा होय.

गर्भगृहातील दर्शनाला काही मिनिटे पुरतात. बाह्य भिंतींना मात्र किमान तासभर द्यावा लागतो. त्यांवर देवदेवतांच्या आणि सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. चालुक्य-यादवकालीन मंदिरांवरील सुरसुंदरींचे प्रकार ठरलेले असतात : आरशात पाहणारी दर्पणा, पत्र लिहिणारी पत्रलेखा, मूल कडेवर घेतलेली पुत्रवल्लभा, वस्त्र ओढणाऱ्या माकडाला हुसकावणारी मर्कटा. हे प्रकार ठाऊक नसलेल्याला सगळ्या मूर्ती सारख्याच वाटतात. कोणत्या हातात काय आहे आणि देहाला बाक कुठे दिला आहे, हे दाखवणारा सोबती असला की तीच भिंत एखाद्या पोथीसारखी वाचता येते.

पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळचे तिरपे ऊन पूर्वेकडील, तर उतरतीचे ऊन पश्चिमेकडील मूर्तींचा उठाव स्पष्ट करते. भर दुपारी काळ्या पाषाणावरील बारकावे हरवतात.

तटबंदीतला इतिहास

गावातील भुईकोट हा या सहलीचा दुसरा टप्पा. त्याच्या तटबंदीत जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. नक्षीचा एखादा तुकडा किंवा स्तंभाचा भाग तेथे साध्या चिऱ्यांच्या रांगेत सामावून गेलेला असतो. एकेकाळी येथे किती बांधकामे असावीत, याची कल्पना या दगडांवरूनच येते. घाईतल्या पर्यटकाच्या दृष्टीला ते पडत नाहीत. ज्या दगडाची ओळख कोणालाच नाही, तो ढासळला तरी त्याची वार्ता कोणी घेत नाही. म्हणून जाणता मार्गदर्शक ही येथे केवळ सोय नव्हे, तर वारसा जपण्याचाही तो एक मार्ग आहे.

वेळ उरल्यास अंबाजोगाई

परळीपासून सुमारे २५ किलोमीटरवरील अंबाजोगाई या सहलीला जोडता येते. योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखाना लेणी, यादव सेनापती खोलेश्वर यांच्या नावाचे मंदिर तसेच मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधी तेथे आहेत. दासोपंतांनी (१५५१-१६१५) लांबलचक कापडावर लिहिलेली 'पासोडी' प्रसिद्ध आहे. परंतु परतीची गाडी संध्याकाळचीच असेल तर दोन्ही गावे एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा.

नियोजन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. महाशिवरात्री आणि श्रावणी सोमवारी परळीत मोठी गर्दी असल्याने त्या दिवशी सहल आखू नये. मोटार ठरवताना थांबण्याच्या तासांसह भाडे निश्चित करावे. इतिहासाचा एखादा स्थानिक शिक्षक किंवा अभ्यासक आधीच गाठून सोबत न्यावा आणि त्याचे मानधन आनंदाने द्यावे. पिण्याचे पाणी व शिदोरी जवळ बाळगावी. शिल्पांवर तेल, शेंदूर वा पाणी लावू नये. पडलेला कोरीव दगड हलवू नये. परतीच्या गाडीपूर्वी किमान दोन तास परळीत पोहोचण्याच्या हिशेबाने धर्मापुरी सोडावी.