कराटेचा घरचा सराव



शनिवारी सकाळी मुलांना कराटेच्या क्लासला सोडण्याची धावपळ आपल्यापैकी बऱ्याच घरांत असते. नवा पट्टा मिळतो, फोटो निघतात, आजी-आजोबांना पाठवले जातात. पण ठोसा मारताना कोपर बाहेर जातं आणि लाथ मारताना तोल जातो, हे बाकावर बसलेल्या आईबाबांनाही दिसत असतं. वर्गात वीस-पंचवीस मुलं असली की सेन्सेई तरी प्रत्येकाकडे किती बघणार? ही कसर घरीच भरून निघते आणि त्याला सहा-सात फूट मोकळी जागा पुरते. इथली माहिती शोतोकान पद्धतीची आहे. तुमच्या क्लासची पद्धत वेगळी असेल, तर सेन्सेई सांगतील तेच खरं धरावं.

थोडी पार्श्वभूमी. कराटे मूळचं ओकिनावाचं. आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथल्या शाळांमध्ये नेलं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे जपानभर त्याचा प्रसार झाला. शिक्षणाचे तीन भाग असतात: किहॉन म्हणजे मूलभूत तंत्र, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, आणि कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरचा सराव. मुलांना कुमिते आवडतं, पालकांना काता बघायला आवडतो, आणि किहॉन कोणालाच आवडत नाही. घरी करायचं मात्र तेच.

सुरुवात पायांपासून करा. झेंकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा पाय वाकवून आणि मागचा ताठ ठेवून उभं राहणं, यातच बहुतेक चुका दडलेल्या असतात. जमिनीवर खांद्याइतक्या अंतरावर चिकटपट्टीच्या दोन समांतर रेघा मारा. एक पाऊल एका रेघेवर, दुसरं दुसरीवर. दोन्ही पावलं एकाच रेघेवर आली की मूल दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं डुलतं. पावलांमधली लांबी साधारण खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट, मागची टाच जमिनीला टेकलेली आणि पुढचा गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने. हा गुडघा आत कलंडत असेल तर तिथेच थांबवा. अशा स्थितीत शेकडो वेळा पुढेमागे केल्याने गुडघ्यावर नको तो ताण येतो, आणि तीच सवय अंगवळणी पडते. स्थिती बरोबर आहे का हे बघायला कमरेला समोरून हलकेच ढकला. मूल मागे सरकलं नाही तर पाया पक्का.

ठोशासाठी भिंत हा सगळ्यात चांगला गुरू. मुलाला भिंतीला बाजू लावून, चार बोटं अंतर ठेवून उभं करा आणि भिंतीकडच्या हाताने सावकाश ठोसा मारायला सांगा. कोपर बाहेर गेलं की भिंतीला लागतं, आईने ओरडायची गरज राहत नाही. मूठ कमरेपाशी उताणी असते आणि शेवटच्या काही इंचांत वळून पालथी होते. त्याच वेळी दुसरा हात तितक्याच जोराने कमरेकडे यायला हवा. या ओढीला हिकिते म्हणतात, आणि मुलं नेमकी हीच विसरतात. हवेत मारताना कोपर झटक्याने पूर्ण ताठ करू नये, किंचित आधी थांबावं.

समोरच्या लाथेला, माए-गेरीला, चार टप्पे आहेत: गुडघा वर, पाय पुढे, पाय परत, पाऊल खाली. घाईत तिसरा टप्पा गळतो आणि मूल पुढे कोसळतं. एका हाताने खुर्चीची पाठ धरून चारही टप्पे वेगळे, एकेक मोजून करा. मग मुलाच्या समोर एखादं बुटकं स्टूल ठेवा. त्याच्या वरून लाथ मारायची म्हटलं की गुडघा आपोआप वर येतो. पायाची बोटं मागे वळवून चवड्याने मारायचं. डाव्या पायाने नेहमी दोन-चार जास्त.

कंबर वळतेय की नाही हे पट्ट्याची गाठ सांगते. उलट्या हाताच्या ठोशात, ग्याकू-झुकीत, गाठ आधी तिरकी असते आणि शेवटी समोर येते. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून मुलालाच दाखवा. आपण सांगितलेलं पटत नाही, पडद्यावर दिसलेलं पटतं!

सरावाआधी अंग गरम करायला सूर्यनमस्कार उत्तम. एक पाय मागे नेण्याच्या स्थितीत मागच्या पायाच्या जांघेचे स्नायू मोकळे होतात, आणि झेंकुत्सु-दाचीत मागचा पाय ताठ ठेवायला तेच लागतं. पाच-सहा नमस्कार पुरे. थंड अंगाने पाय ताणून स्प्लिट करायला लावू नका.

दहा ते पंधरा वयाच्या, भराभर उंची वाढणाऱ्या मुलांना कधीकधी गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे टेंगूळही येतं. ते 'स्नायू धरलाय' म्हणून सोडून देऊ नका. उड्या आणि लाथा थांबवून डॉक्टरांना दाखवा. भिंतीवर किंवा फळीवर मुठी आपटून हात कडक करण्याचा प्रकार वाढत्या वयात अजिबात नको.

वेळ म्हणाल तर रोज दहा मिनिटं. प्रत्येक तंत्र दहा वेळा सावकाश, मग पाच वेळा वेगाने, आणि वेगात आकार बिघडला की परत सावकाश. इचि, नि, सान, शि, गो ही मोजणी घरातल्या मोठ्यांनी करावी. भारतातून आलेल्या आजीला हे काम दिलं तर दोन दिवसांत दहापर्यंत पाठ होतं, आणि मग नातवाची सुटका नाही. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर उड्या आणि किआईची आरोळी बागेत किंवा गराजमध्ये, आणि तीही रात्री आठच्या आत.