सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव

पुणे येथे दरवर्षी भरणारा हिंदुस्थानी अभिजात संगीताचा प्रसिद्ध महोत्सव. किराणा घराण्याचे श्रेष्ठ गायक रामचंद्र गणेश कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१९ जानेवारी १८८६–१२ सप्टेंबर १९५२) यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये त्याचा आरंभ झाला. त्याचे आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था करते. पुण्यतिथीनिमित्त गुरूला वाहिलेली स्वरांजली, एवढ्या मर्यादित हेतूने सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे देशातील अग्रगण्य संगीतोत्सवांपैकी एक ठरला.

सवाई गंधर्व हे धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे तालीम घेतली. पुढे ते मराठी संगीत रंगभूमीवर आले आणि नाट्यकला प्रवर्तक मंडळीतील त्यांच्या स्त्रीभूमिका व पदगायन लोकप्रिय झाले. अमरावती येथे दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली. बालगंधर्वांचे नाव त्या वेळी सर्वतोमुखी होते. ‘सवाई’, म्हणजे सव्वापट, या विशेषणाला तो संदर्भ आहे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९), फिरोज दस्तूर (१९१९–२००८), बसवराज राजगुरू आणि भीमसेन जोशी (१९२२–२०११) हे त्यांच्या शिष्यवर्गातील प्रमुख गायक होत. गुरूचे गुरू उत्तर भारतातील किराण्याचे, गुरू कन्नड मुलखातले, शिष्यांत एक पारशी, आणि स्मृतिस्थान मात्र मराठी पुणे. घराण्याच्या प्रसाराचा हा भूगोल महोत्सवाच्या घडणीतही उमटला आहे.

१९४६ मध्ये गुरूच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त पुण्यात झालेल्या समारंभातील गायनाने तरुण भीमसेनांकडे रसिकांचे लक्ष वेधले गेले. गुरूच्या निधनानंतर भीमसेन जोशी व सवाई गंधर्वांचे जामात डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी पुढाकार घेऊन महोत्सवाची उभारणी केली. संयोजक संस्थेच्या नावातील ‘आर्य संगीत’ हे शब्द अब्दुल करीम खाँ यांनी १९१० मध्ये बेळगाव येथे स्थापिलेल्या आर्य संगीत विद्यालयाची आठवण देतात. स्वतः कीर्तीच्या शिखरावर असतानाही भीमसेनांनी कलावंतांना निमंत्रण देण्यापासून व्यवस्थेच्या तपशिलापर्यंत अनेक कामांत लक्ष घातले. गुरुऋण फेडण्याचे साधन म्हणून ते या कार्याकडे पाहत.

गुरूच्या वा संताच्या पुण्यतिथीस संगीतसेवा करण्याची प्रथा भारतात जुनी आहे. तिरुवैयारू येथील त्यागराज आराधना व जलंधर येथील १८७५ पासूनचे हरवल्लभ संमेलन ही तिची ठळक उदाहरणे होत. मिरज येथे मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीस संगीतसभा होते, तर कुंदगोळ येथे नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांची पुण्यतिथी पाळली जाते. पुण्याचा महोत्सव याच परंपरेतला. परंतु त्याचे मैदान नगराचे आणि श्रोतृवर्ग सार्वजनिक आहे. दरबार व देवस्थान यांच्या आश्रयाला पारखे झालेल्या संगीताला तिकीट काढून येणारा सामान्य श्रोता हाच आश्रयदाता मिळाला, हे येथे स्पष्ट दिसते.

यूरोपातील संगीतोत्सवांशी तुलना केल्यास या महोत्सवाचे वेगळेपण लक्षात येते. तेथील बरोक संगीताचे उत्सव बहुधा रचनाकाराच्या नावाने भरतात. बाखचे निधन १७५० मध्ये झाले. त्याच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या विस्मृतप्राय रचनेचे पुनरुज्जीवन मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये बर्लिन येथे केले. हेंडेलच्या संगीतिका दीर्घकाळ रंगभूमीपासून दूर होत्या. १९२० मध्ये गटिंगेन येथे ‘रोडेलिंडा’ सादर झाली आणि त्यातून तेथील हेंडेल महोत्सव उदयास आला. लिखित स्वरलिपी उपलब्ध असल्यामुळे शंभर-दोनशे वर्षांचा खंड पडूनही असे पुनरुज्जीवन शक्य झाले. ख्यालगायकीची स्थिती निराळी आहे. बंदिशीचा सांगाडा स्वरलिपीत उतरतो. पण रागाची बढत, स्वराचा लगाव, मींड व तानेचे वळण गुरुमुखातूनच मिळते. एक पिढी खंडित झाली, तर पुढच्या पिढीला कागदावरून ते परत मिळवता येत नाही. सवाई गंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रत्येकी तीनेक मिनिटांच्या आहेत. त्यांवरून गायकीची चुणूक कळते, विस्तार कळत नाही. म्हणून शिष्य-प्रशिष्यांचे दरवर्षीचे गायन हा केवळ स्मृतिसोहळा उरत नाही. परंपरा जिवंत असल्याचा तो पुरावा असतो.

सवाई गंधर्वांची पुण्यतिथी सप्टेंबरमध्ये, पावसाळ्यात येते. महोत्सव मात्र डिसेंबरच्या थंडीत, उघड्या मैदानावर उभारलेल्या मंडपात भरतो. न्यू इंग्लिश स्कूल, रमणबाग येथील मैदान हे दीर्घकाळ त्याचे स्थान होते. २०१८ पासून तो मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरू लागला. घराण्याच्या सीमा संयोजकांनी कधीच आड येऊ दिल्या नाहीत. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, जसराज, मालिनी राजूरकर, प्रभा अत्रे इ. गायक, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, झाकीर हुसेन इ. वादक आणि बिरजू महाराजांसारखे नर्तक येथे आपली कला सादर करून गेले. प्रस्थापितांच्या बरोबरीने नवोदितांना व्यासपीठ देण्याचा पायंडाही महत्त्वाचा आहे. जाणकार श्रोत्यांपुढे ‘सवाई’त गाणे ही तरुण कलावंताची एक प्रकारची परीक्षाच मानली जाते.

पूर्वी हा महोत्सव तीन रात्री, उजाडेपर्यंत चाले. रागांचा समयसिद्धांत प्रत्यक्ष अनुभवण्याची ती दुर्मिळ संधी होती. सायंकाळी मारवा, पूरिया यांसारखे संधिप्रकाश राग, रात्र चढताना बागेश्री, मध्यरात्रीच्या सुमारास दरबारी कानडा व मालकंस, आणि पहाटे ललित, भटियार असा क्रम निसर्गाच्या गतीने उलगडे. बैठकीवर शाली गुंडाळून बसलेला, मध्येच चहाला उठणारा आणि आवडत्या गायकासाठी पुन्हा जागेवर येणारा श्रोता हे त्या रात्रींचे परिचित दृश्य होते. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० मध्ये लागू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निर्णयाने रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवरील निर्बंध दृढ झाले. त्यामुळे रात्रभराची प्रथा संपुष्टात आली. दिवसांची संख्या वाढवून व काही वर्षी सकाळची सत्रे योजून संयोजकांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

नागरिकांच्या निद्रेचा हक्क न्याय्य आहे, हे मान्यच करावे लागते. तथापि या बदलाची सांगीतिक किंमतही नोंदविली पाहिजे. मध्यरात्रीनंतरच्या व पहाटेच्या रागांना जाहीर मैफलीत स्थान उरले नाही. बंद सभागृहात वा ध्वनिमुद्रणातून ते ऐकता येतात. परंतु त्यांच्या नियत वेळी, हजारो श्रोत्यांसमवेत ऐकण्याचा अनुभव नव्या पिढीस जवळजवळ अपरिचित झाला आहे. जे राग मैफलीत क्वचित गायिले जातात, त्यांची तालीमही हळूहळू विरळ होण्याचा धोका असतो.

भीमसेन जोशी यांना २००८ मध्ये ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च नागरी सन्मान जाहीर झाला. २४ जानेवारी २०११ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर गुरूसमवेत शिष्याचेही नाव महोत्सवास जोडण्यात आले आणि त्यांचे पुत्र श्रीनिवास जोशी यांनी संयोजनाची धुरा सांभाळली. साथीच्या रोगांमुळे महोत्सवात व्यत्ययही आले : ‘स्वाइन फ्लू’मुळे २००९ चा महोत्सव जानेवारी २०१० मध्ये घ्यावा लागला, तर करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ ही वर्षे रिकामी गेली. डिसेंबर २०२२ मध्ये अडुसष्टावा महोत्सव भरून परंपरा पूर्ववत सुरू झाली.

महोत्सवाच्या काळात सवाई गंधर्व स्मारक येथे ‘षड्ज’ व ‘अंतरंग’ हे लघुपट व मुलाखतींचे कार्यक्रमही होतात. उत्तरकाळात अखेरच्या गायनाचा मान अनेकदा प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांना लाभला. ज्येष्ठ कलावंताच्या या गायनानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवून महोत्सवाची सांगता करण्याचा प्रघात आहे.