मोकळी पिन, बेभरवशाचा संगणक : मदरबोर्डवरील न वापरलेल्या वाहिन्यांचे काय करावे?

विशेष प्रतिनिधी, शिरपूर

संगणकाच्या मदरबोर्डवर प्रोसेसर, मेमरी आणि विस्तार कार्डे यांच्यातील संवाद ज्या तारांच्या समूहातून चालतो, त्याला ‘बस’ म्हणतात. या समूहातील प्रत्येक तार प्रत्येक यंत्रात उपयोगात येतेच असे नाही. कधी स्लॉट रिकामा असतो, कधी एखादी चिप बसची निम्मीच रुंदी वापरते, तर चाचणीसाठी ठेवलेली पिन ग्राहकाच्या घरी कधीच लागत नाही. ‘वापर नाही, तर जोडणीही नको’ हा विचार वरवर पाहता योग्य वाटतो. प्रत्यक्षात मात्र कारण न सापडणाऱ्या अनेक बिघाडांचे मूळ अशा मोकळ्या तारेत असू शकते.

धुळे जिल्ह्यातील शिरपुरात २००१मध्ये आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे एनएमआयएमएसचे संकुलही तापीकाठच्या या तालुक्यात आले. सर्किट बोर्डाचे आरेखन शिकणारे विद्यार्थी आता महानगरांपुरते मर्यादित नाहीत. त्यामुळे हा विषय केवळ बड्या कंपन्यांचा राहिलेला नाही.

वाहिनी ‘तरंगते’ म्हणजे काय?

आजच्या बहुतेक चिप सीमॉस तंत्राच्या असतात. त्यांच्या इनपुट पिनमधून जवळजवळ शून्य विद्युतप्रवाह वाहतो. अशी पिन कशालाच जोडली नसेल, तर तिच्यावरील व्होल्टेज ‘शून्य’ ठरत नाही आणि ‘एक’ही ठरत नाही. शेजारच्या तारेतील हालचाल, हाताचा स्पर्श किंवा हवेतील स्थिर विद्युत यांनी ते भरकटते. यालाच अभियंते ‘फ्लोटिंग’ पिन म्हणतात. हे व्होल्टेज मधोमध येऊन थांबले, तर आतील दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी अंशतः चालू होतात, वीज थेट पुरवठ्याकडून जमिनीकडे वाहते आणि चिप विनाकारण तापते. ती वेगाने ‘शून्य-एक’ अशी दोलायमान होण्याचाही धोका असतो.

चिपमधील गळतीचा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो. म्हणून थंडीत प्रयोगशाळेत निर्वेध चाललेला बोर्ड खानदेशच्या मे महिन्यात दगा देऊ शकतो. दुरुस्तीसाठी उघडल्यावर मात्र तोच बोर्ड पुन्हा सुरळीत चालतो आणि अनेकदा एखादा निर्दोष भाग बदलला जातो.

तीन मूलभूत नियम

पहिला नियम इनपुटचा. न वापरलेले इनपुट निश्चित पातळीला बांधावे. विद्युतपुरवठ्याकडे जोडणाऱ्या रेझिस्टरला ‘पुल-अप’ आणि जमिनीकडे जोडणाऱ्याला ‘पुल-डाउन’ म्हणतात. दुसरा नियम आउटपुटचा. न वापरलेले आउटपुट मोकळेच ठेवावे. ते थेट जमिनीला जोडले, तर चिप ‘एक’ देऊ लागताच जवळपास शॉर्टसर्किट होते. तिसरा नियम दुतर्फा पिनांचा. त्या कधी आउटपुट होतील याचा नेम नसल्याने त्यांना थेट न जोडता रेझिस्टरमार्फतच बांधावे.

पीसीआय बसचा धडा

१९९२मध्ये आलेल्या पीसीआय बसच्या नियमावलीत या प्रश्नाचा बारकाईने विचार झालेला दिसतो. फ्रेम, आयआरडीवाय, टीआरडीवाय, डेव्हसेल, स्टॉप यांसारख्या नियंत्रण वाहिन्या ‘शून्य’ झाल्या की कार्यरत होतात. कोणतेही कार्ड त्या हाताळत नसताना त्या ‘एक’वर राहाव्यात, म्हणून मदरबोर्डवर पुल-अप देणे बंधनकारक आहे. इंटरप्ट वाहिन्यांनाही ते लागते. अन्यथा नसलेले कार्ड प्रोसेसरला हाक मारत असल्याचा भास होईल. पत्ता व माहितीच्या ३२ वाहिन्यांना मात्र पुल-अप नसतो. बस रिकामी असताना आर्बिटर ती एखाद्या घटकाकडे सोपवतो आणि तो घटक या वाहिन्या स्थिर ठेवतो. या पद्धतीला ‘बस पार्किंग’ म्हणतात.

६४ बिटांचे कार्ड ३२ बिटांच्या स्लॉटमध्ये बसवले, की त्याच्या वरच्या ३२ वाहिन्या हवेत राहतात. अशा वेळी ‘रेक-६४’ ही एकच वाहिनी निर्णायक ठरते. रीसेट संपताना ती ‘एक’ दिसली, तर आपण अरुंद स्लॉटमध्ये आहोत हे कार्ड ओळखते आणि वरच्या पिना स्वतःच स्थिर ठेवते. मदरबोर्डने या वाहिनीचा पुल-अप गाळला, तर कार्डाची फसगत होऊ शकते. जेटॅग चाचणीची सोय नसलेल्या कार्डावरही ‘टीडीआय’ व ‘टीडीओ’ या पिना एकमेकींना जोडाव्या लागतात, अन्यथा पुढील कार्डांपर्यंतची साखळी तुटते.

रेझिस्टर किती ओहमचा?

किंमत कमी ठेवली तर वीज वाया जाते. फार वाढवली तर वाहिनी ‘एक’वर परतायला वेळ लागतो. पीसीआयमध्ये ५ व्होल्टसाठी २.७ किलोओहम आणि ३.३ व्होल्टसाठी ८.२ किलोओहम ही सर्वसाधारण मूल्ये मानली जातात. ओहमच्या नियमाने पाहिल्यास, वाहिनी ‘शून्य’वर असताना त्यांतून अनुक्रमे सुमारे १.८५ व ०.४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो.

‘परम’पासून ‘रुद्र’पर्यंत

महाराष्ट्राला बोर्ड आरेखनाची मोठी परंपरा आहे. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. त्यात वापरलेल्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिपला शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी चार दुवे असत. या दुव्यांची विश्रांतीची पातळी ‘शून्य’ असल्याने, रिकाम्या दुव्याचे इनपुट पुल-अपने नव्हे, तर जमिनीकडे बांधणे योग्य ठरते. थोडक्यात, वाहिनी कोणत्या पातळीला ‘गप्प’ असते हे आधी पाहावे. सी-डॅकनेच विकसित केलेल्या ‘रुद्र’ सर्व्हरवर आधारित ‘परम रुद्र’ महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्यांपैकी एक पुण्याजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण प्रकल्पासाठी आहे.

आता काय बदलले?

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये सामायिक बस उरलेली नाही. प्रत्येक लेन दोन टोकांनाच जोडते, पलीकडे कोणी आहे का याची चाचपणी करते आणि प्रतिसाद नसेल तर निष्क्रिय राहते. त्यामुळे एक लेनचे कार्ड सोळा लेनच्या स्लॉटमध्येही चालते. तरीही रीसेट, क्लॉक मागणी आणि जेटॅगच्या पिनांना जुनेच नियम लागू आहेत. काही चिपमध्ये पुल-अप आतच असतो. तेथे बाहेरून विरुद्ध दिशेचा रेझिस्टर लावल्यास पातळी पुन्हा मधोमध अडकू शकते.

म्हणून बोर्ड छपाईला पाठवण्यापूर्वी प्रत्येक चिपच्या डेटाशीटमधील न वापरलेल्या पिनांचा तक्ता वाचावा आणि प्रत्येक पिनेसमोर ‘बांधली’ किंवा ‘हेतुपुरस्सर मोकळी’ अशी नोंद करावी. बाजारात काही पैशांना मिळणारा रेझिस्टर आरेखनात विसरला, तर त्याची भरपाई तयार बोर्डावर करणे फार अवघड जाते.